वुडननंतर कोण? जिंकूनही लोकांना न आवडलेल्या कोचची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आज आपण जाणार आहोत अमेरिकेत, लॉस एंजेलिसला. विषय आहे कॉलेज बास्केटबॉल. आता लगेच "आपल्याला काय करायचंय बास्केटबॉलशी" म्हणून पुढच्या भागावर जाऊ नका. ही गोष्ट खेळाची कमी आणि आपल्यासारख्या फॅन लोकांची जास्त आहे.

आधी एक कोडं घालतो. एक कोच आहे. दोन सीझनमध्ये त्यानं ५२ मॅच जिंकल्या आणि फक्त ९ हरल्या. म्हणजे शंभरातल्या ८५ जिंकल्या. पहिल्याच वर्षी टीम देशातल्या शेवटच्या चारांत नेली. असा कोच तुमच्या कॉलेजला मिळाला तर काय कराल? हार घालाल, फ्लेक्स लावाल. पण या माणसावर इतकी टीका झाली की दोन वर्षांत तो तिथून निघून गेला. त्याचं नाव जीन बार्टो. आणि त्याचा गुन्हा एकच होता: तो जॉन वुडन नव्हता.

तर हे जॉन वुडन कोण, बार्टोंनी लोकांचं असं काय घोडं मारलं होतं, आणि त्यानंतरची जवळपास पन्नास वर्षं एका कॉलेजचे फॅन प्रत्येक कोचवर का चिडत राहिले, हे आज बघू.

ज्यांना अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्याकडे कॉलेजच्या मॅचला मित्रमैत्रिणी आणि एखाद-दुसरे सर येतात. अमेरिकेत कॉलेजची टीम म्हणजे अख्ख्या शहराची, कधीकधी अख्ख्या राज्याची टीम असते. हजारो लोकांची स्टेडियम्स, टीव्हीवर थेट प्रक्षेपण, आणि कोचला कोट्यवधींचा पगार. सीझनच्या शेवटी मार्च महिन्यात देशभरातल्या निवडक टीम्सची नॉकआउट स्पर्धा होते. एक मॅच हरलात की घरी. शेवटचे चार उरतात त्याला म्हणतात फायनल फोर. ही स्पर्धा जिंकणं म्हणजे राष्ट्रीय विजेतेपद.

या स्पर्धेत पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त विजेतेपदं कुणाची? लॉस एंजेलिसमधल्या यूसीएलए या विद्यापीठाची. एकूण ११. त्यातली १० एकट्या वुडन यांच्या काळातली. तीही बारा वर्षांत! १९६४, १९६५, मग १९६७ ते १९७३ सलग सात, आणि शेवटचं १९७५. मध्ये एकदा तर त्यांनी सलग ८८ मॅच जिंकल्या. १९ जानेवारी १९७४ ला नोत्र दाम विद्यापीठानं ७१-७० असं एका गुणानं हरवलं, तेव्हा कुठे ती मालिका थांबली.

आता तुम्ही म्हणाल, असा देवमाणूस पाहिल्यावर लोकांच्या अपेक्षा वाढणारच. बरोबर. पण थांबा. खरी गंमत इथून पुढे आहे.

वुडन यूसीएलएला आले १९४८ साली. पहिलं विजेतेपद १९६४ साली. मोजा बरं. पंधरा सीझन कोरडे गेले, सोळाव्या सीझनला पहिली ट्रॉफी! फायनल फोरमध्ये पहिल्यांदा पोहोचले ते १९६२ साली, म्हणजे चौदाव्या वर्षी. १९५९-६० च्या सीझनमध्ये तर १४ विजय आणि १२ पराभव असा हिशेब होता. टीम वाईट नव्हती. वुडन आल्या आल्याच विजय वाढले होते, आपल्या विभागात टीम चांगली खेळत होती. पण देशपातळीवर काही नाही.

त्या काळात टीमला धड जागासुद्धा नव्हती. कॉलेजच्या जुन्या जिममध्ये वरच्या मजल्यावर सराव चालायचा. कुबट, कोंदट जागा, बाजूला दुसऱ्या खेळांची मुलं. वुडन स्वतः झाडू घेऊन कोर्ट साफ करायचे. पॉली पॅव्हिलियन हे टीमचं हक्काचं मोठं स्टेडियम उभं राहिलं १९६५ साली, म्हणजे दोन ट्रॉफ्या आल्यानंतर.

आज कल्पना करा. एखाद्या मोठ्या कॉलेजचा कोच पंधरा वर्षं राष्ट्रीय विजेतेपद आणत नाही, आणि तरी त्याला कुणी काढत नाही. शक्य आहे का? पंधरा सोडा, आज पाचव्या वर्षी त्याची बॅग भरलेली असते. म्हणजे ज्या माणसाच्या नावानं पुढच्या सगळ्यांना मोजलं गेलं, तो स्वतः त्या मोजपट्टीवर नापास झाला असता. मला या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. लोकांनी वुडन यांची शेवटची बारा वर्षं लक्षात ठेवली आणि पहिली पंधरा विसरून गेले.

बरं, त्या बारा वर्षांत वुडन यांना तरी सुख होतं का? १९७४ साली सलग सात विजेतेपदांनंतर यूसीएलए उपांत्य सामन्यात नॉर्थ कॅरोलिना स्टेटकडून हरली. दोन ओव्हरटाइम खेळून ८०-७७. पुढच्या वर्षी, २९ मार्च १९७५ ला, लुइव्हिलविरुद्धची उपांत्य मॅच एका गुणानं जिंकल्यावर वुडन यांनी खेळाडूंना सांगितलं की मी निवृत्त होतोय. दोन दिवसांनी सॅन डिएगोमध्ये केंटकीला ९२-८५ असं हरवून दहावी ट्रॉफी घेतली. आणि त्या दिवशीचा एक किस्सा ते स्वतः नंतर सांगायचे. फायनल संपल्यावर टीमचा एक समर्थक भेटला. अभिनंदन केलं, आणि वर म्हणाला की गेल्या वर्षी तुम्ही आमची निराशा केलीत, पण यंदा कसर भरून निघाली!

बघा म्हणजे. दहा ट्रॉफ्या देणाऱ्या माणसाला निरोपाच्या दिवशी एका पराभवाची आठवण करून दिली गेली. वुडन असंही म्हणायचे की माझ्या जवळच्या कोच मित्रांना एकेक राष्ट्रीय विजेतेपद मिळो. आणि जे मला फारसे आवडत नाहीत, त्यांना बरीच मिळोत. ऐकायला विनोद वाटतो. पण बोलणारा माणूस दहा वेळा जिंकलेला होता, त्याला ट्रॉफीची किंमत काय चुकवावी लागते ते माहीत होतं.

आता बार्टोंकडे येऊ. १९७३ ची फायनल झाली होती यूसीएलए विरुद्ध मेम्फिस स्टेट. यूसीएलएच्या बिल वॉल्टननं त्या दिवशी बास्केटवर २२ वेळा बॉल टाकला, २१ वेळा आत गेला. ४४ गुण! मेम्फिसचा धुव्वा उडाला, ८७-६६. आणि मेम्फिसच्या बाकावर बसून हे सगळं बघणारा कोच होता जीन बार्टो. म्हणजे वुडन यांच्या टीमची ताकद काय असते हे ज्यानं सगळ्यात जवळून पाहिलं, त्याच्याच हातात दोन वर्षांनी ती टीम आली.

सुरुवात कशी व्हावी? नोव्हेंबर १९७५, पहिलीच मॅच, समोर इंडियाना. ८४-६४ असा पराभव. झालं! कुजबुज सुरू. आता ही इंडियानाची टीम त्या वर्षी एकही मॅच हरली नाही. ३२ पैकी ३२. अमेरिकेतल्या पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये अख्खा सीझन अपराजित राहून विजेती ठरलेली ती आजवरची शेवटची टीम. त्याच टीमनं फायनल फोरमध्ये यूसीएलएला पुन्हा हरवलं, ६५-५१. म्हणजे बार्टो त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम टीमकडून दोनदा हरले. लोकांनी काय पाहिलं? "ट्रॉफी गेली."

दुसऱ्या वर्षी, १९७७ मध्ये, स्पर्धेच्या मधल्या फेरीत आयडाहो स्टेट नावाच्या छोट्या कॉलेजनं ७६-७५ असं एका गुणानं हरवलं. बार्टो स्वभावानं साधे, सज्जन. लोक त्यांना 'क्लीन जीन' म्हणायचे. रेडिओवर फोन करून नावं ठेवणारे, वर्तमानपत्रात रकानेच्या रकाने लिहिणारे, हे सगळं त्यांना लागायचं. त्यांनी राजीनामा दिला आणि अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमला गेले. तिथल्या विद्यापीठात बास्केटबॉलची टीमच नव्हती. ती शून्यापासून उभी करायची होती. आता विचार करा, देशातल्या सगळ्यात मोठ्या टीमपेक्षा 'टीमच नाही' ही नोकरी एखाद्याला बरी वाटली!

आणि आता आकडे. वुडन यांचे यूसीएलएमधले एकूण विजय ६२०, पराभव १४७. म्हणजे साधारण ८१ टक्के. बार्टो ८५ टक्के. त्यांच्यानंतर आले गॅरी कनिंगहॅम. वुडन यांचाच जुना खेळाडू आणि सहायक. त्यांचा हिशेब ५० विजय, ८ पराभव. ८६ टक्के! तेही दोनच वर्षांत स्वतःहून बाहेर पडले. म्हणजे वुडन यांच्यानंतर आलेल्या पहिल्या दोन्ही माणसांची टक्केवारी वुडन यांच्यापेक्षा जास्त होती. दोघंही टिकले नाहीत.

इथे माझ्यातला इंजिनियर जागा होतो. मी दिवसा कोड लिहितो, त्यामुळे 'आधी छान चालायचं, आता का चालत नाही' हा प्रश्न आला की माझा पहिला उलट प्रश्न असतो: आधी आणि आता, सिस्टीम तीच आहे का?

तर नव्हती. वुडन यांच्या सुवर्णकाळात स्पर्धेत २२ ते २५ टीम असायच्या. एका विभागातून साधारण एकच, म्हणजे विभागाचा विजेता. १९७१ साली शेजारच्याच यूएससी या कॉलेजनं २६ पैकी २४ मॅच जिंकल्या. हरले फक्त दोन, दोन्ही यूसीएलएकडून. आणि त्यांना त्या स्पर्धेत प्रवेशच मिळाला नाही! शिवाय टीम्स आपापल्या भागात खेळायच्या, त्यामुळे पूर्वेकडचे बलाढ्य संघ यूसीएलएला थेट शेवटच्या चारांतच भेटायचे. ट्रॉफीसाठी यूसीएलएला चार मॅच जिंकाव्या लागायच्या. १९७५ साली स्पर्धा ३२ टीम्सची झाली आणि चाराच्या पाच मॅच झाल्या. १९८५ पासून ६४ टीम्स, सहा मॅच. आता ६८ टीम्स आहेत.

चार आणि सहात काय मोठा फरक? गणित करून बघू, मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर पुरतो. समजा तुमची टीम इतकी भारी आहे की कुठलीही मॅच जिंकायची शक्यता ८५ टक्के. सलग चार जिंकायची शक्यता होते साधारण ५२ टक्के. सलग सहा जिंकायची? ३८ टक्के. टीम तीच, कोच तोच, खेळ तोच. फक्त दोन मॅच वाढल्या. आणि समजा टीम त्याहूनही भारी, ९० टक्केवाली. तरी चार मॅचची स्पर्धा सलग सात वर्षं जिंकायची शक्यता शंभरात जेमतेम पाच. म्हणजे वुडन यांनी जे केलं ते त्यांच्या काळातसुद्धा अचाट होतं. अचाट गोष्टीला 'नेहमीची' समजलं की पुढे येणारा प्रत्येक जण कमीच वाटणार.

खेळाडूंचंही तसंच. वुडन यांच्याकडे लू अल्सिंडर नावाचा मुलगा होता, ज्याला नंतर जगानं करीम अब्दुल-जब्बार म्हणून ओळखलं. तो मुख्य टीमकडून तीन सीझन खेळला आणि तिन्ही वर्षी ट्रॉफी आली. त्या काळी खेळाडू कॉलेजमध्येच राहायचे, कारण त्यांच्या बॅचची चार वर्षं पूर्ण होईपर्यंत एनबीएचं दार बंद असायचं. १९७१ साली स्पेन्सर हेवूडच्या खटल्यानंतर ते दार उघडलं. त्यानंतर हिरा सापडला तरी तो किती दिवस आपल्याकडे राहील याचा भरवसा उरला नाही. आज तर एखादा मुलगा एक वर्ष खेळून निघून जातो.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर इतिहास अर्धवट राहील. त्या सोन्याच्या दिवसांना एक काळी किनार होती. सॅम गिल्बर्ट नावाचा एक श्रीमंत कंत्राटदार यूसीएलएच्या खेळाडूंच्या अवतीभवती असायचा आणि नियमात न बसणारी मदत करायचा. वुडन यांच्या काळात यावर कारवाई झाली नाही. लॉस एंजेलिस टाइम्सनं हे प्रकरण छापलं, आणि डिसेंबर १९८१ मध्ये यूसीएलएला दोन वर्षांची शिक्षा झाली. १९८० चं उपविजेतेपद कागदावरून पुसलं गेलं. गिल्बर्टशी संबंध तोडा असा आदेश आला. वुडन यांना किती ठाऊक होतं यावर आजही वाद होतो. माझा मुद्दा एवढाच की जुन्या काळाच्या आठवणीतून फॅन लोकांनी ही पानंही फाडून टाकली होती. नव्या कोचची तुलना व्हायची ती या स्वच्छ धुतलेल्या आठवणीशी.

हे फक्त खेळात होतं असं नाही हां. मी पूर्वी एका कंपनीत होतो. तिथला एक जुना टीम लीड सोडून गेला, नवीन ताई आल्या. दर आठवड्याला कुणी ना कुणी म्हणायचं, "त्याच्या वेळी सर्व्हर कधी पडत नव्हता." एकदा मी सहज जुनी तिकिटं काढून बघितली. सर्व्हर तेव्हाही पडायचा, जवळपास तितकाच! फक्त तेव्हा आम्ही रात्री दोनला उठून हसत हसत नीट करायचो, आणि आता शिव्या देत. त्या ताईंनी वर्षभरात नोकरी सोडली. बार्टोंबद्दल वाचताना मला पहिल्यांदा त्याच आठवल्या.

आणि आपल्या मुंबईचं उदाहरण तर हुबेहूब आहे. मुंबईनं १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वेळा रणजी करंडक जिंकला. मालिका तुटली १९७३-७४ च्या मोसमात, कर्नाटकनं उपांत्य सामन्यात बाहेर काढलं तेव्हा. म्हणजे यूसीएलएची सात वर्षांची सत्ता जिथे संपली, साधारण त्याच सुमारास आपल्याकडची पंधरा वर्षांची संपली. त्यानंतर मुंबई कितीतरी वेळा जिंकली. तरी "ती जुनी मुंबई राहिली नाही" हे वाक्य आपण आजोबांकडून, काकांकडून ऐकतोच ना?

परत लॉस एंजेलिसला जाऊ. कनिंगहॅमनंतर लॅरी ब्राउन आले. १९८० ला फायनलपर्यंत नेलं, तिथे लुइव्हिलकडून हरले, आणि वर्षभरात एनबीएला निघून गेले. मग लॅरी फार्मर. हा वुडन यांचा खेळाडू. खेळाडू म्हणून ८९ विजय आणि एकच पराभव असा त्याचा विक्रम. मग वॉल्ट हॅझर्ड, १९६४ च्या पहिल्या ट्रॉफीचा नायक. १९८७ ला विभागाचं विजेतेपद आणलं, १९८८ ला काढून टाकलं. १९७५ ते १९८८, तेरा वर्षांत पाच कोच, त्यातले तीन वुडन यांचे चेले. यूसीएलएवाले नवा कोच शोधत नव्हते, ते वुडन यांची सावली शोधत होते असं मला वाटतं.

जिम हॅरिक यांनी अखेर १९९५ ला अकरावी ट्रॉफी आणली. वीस वर्षांनी! आदल्या वर्षी पहिल्याच फेरीत टल्सानं हरवलं म्हणून हेच हॅरिक शिव्या खात होते. पुढच्याच वर्षी प्रिन्स्टननं पहिल्या फेरीत ४३-४१ असं घरी पाठवलं. आणि १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये एका जेवणाच्या खर्चाचा खोटा हिशेब दिल्याच्या कारणावरून त्यांना काढण्यात आलं. त्यानंतर स्टीव्ह लॅव्हिन: सहा वर्षांत पाच वेळा शेवटच्या सोळांत. मग २००३ ला १० विजय, १९ पराभव, आणि नारळ. मग बेन हाउलंड: २००६, २००७, २००८, सलग तीन वेळा फायनल फोर. २०१३ ला विभागात पहिला नंबर आणला आणि त्याच महिन्यात घरी गेले.

स्टीव्ह अल्फर्ड यांची गोष्ट तर सिनेमासारखी आहे. २०१५-१६ चा सीझन वाईट गेला, १५ विजय आणि १७ पराभव. चिडलेल्या फॅन लोकांनी पैसे जमवून एक छोटं विमान भाड्यानं घेतलं आणि कॉलेजवरून 'अल्फर्डला काढा' असा बॅनर फडकवत फिरवलं. खरंच! अल्फर्ड यांनी फॅन लोकांची जाहीर माफी मागितली आणि करारात वाढवून मिळालेलं एक वर्ष परत केलं. पुढच्या सीझनला काय झालं? ३१ विजय, ५ पराभव. विमानवाले गप्प. पण दीड-दोन वर्षांत पुन्हा घसरण झाली, आणि ३१ डिसेंबर २०१८ ला, ऐन सीझनच्या मध्यावर, अल्फर्ड यांना काढलं.

आता तुमच्यातले काही म्हणतील, तू फॅन लोकांनाच व्हिलन करतोयस. नाही हो. त्यांची बाजूही खरी आहे. १९७५ नंतर यूसीएलएला मिळालं एक विजेतेपद. त्याच काळात ड्यूकनं पाच जिंकली, कनेक्टिकटनं सहा. मग "आपल्याला का नाही?" हा प्रश्न चुकीचा कसा? लोक तिकीट काढतात, देणग्या देतात, पोरांना जर्सी घेऊन देतात. १० विजय आणि १९ पराभव बघून गप्प बसणाऱ्या फॅनला मी फॅन म्हणणार नाही. प्रश्न विचारायलाच हवा. फक्त तो कशाच्या तुलनेत विचारतोय, हे माहीत हवं.

ड्यूकचंच बघा. माइक शेशेव्हस्की तिथे आले १९८० साली. पहिल्या तीन वर्षांचा एकूण हिशेब ३८ विजय, ४७ पराभव. १९८३ ला व्हर्जिनियानं १०९-६६ अशी धूळ चारली. देणगीदार चिडले, 'काढा याला' सुरू झालं. पण तिथले क्रीडा संचालक टॉम बटर्स यांनी उलट त्यांचा करार वाढवला. पहिली ट्रॉफी आली १९९१ ला, अकराव्या सीझनला. २०२२ ला निवृत्त झाले तेव्हा पाच होत्या.

यावरून 'धीर धरा, सगळं मिळतं' असा सुविचार काढून स्टेटस ठेवू नका मात्र. धीर धरला आणि काहीच मिळालं नाही अशी कॉलेजंही भरपूर असणार, त्यांच्यावर कुणी पॉडकास्ट करत नाही एवढंच. मला त्यातून एवढंच दिसतं: वुडन असोत की शेशेव्हस्की, ज्यांच्या नावानं आज आपण बाकीच्यांना मोजतो, त्यांना कुणीतरी आधी वाईट वर्षं काढू दिली होती. आणि ती वर्षं आपण हिशेबातून वगळतो. बार्टोंना दोन वर्षं मिळाली, तीही चांगली होती, तरी पुरली नाहीत.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. वुडन सीझनच्या पहिल्या दिवशी खेळाडूंना मोजे कसे घालायचे ते शिकवायचे. सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की खेळ बिघडतो. यश म्हणजे काय, तर आपण आपलं सगळं दिलं याचं समाधान, असं ते आयुष्यभर सांगत राहिले. जिंकण्याबद्दल खेळाडूंशी फारसं बोलायचेच नाहीत. आणि त्यांच्याच नावानं पुढच्या प्रत्येकाला फक्त ट्रॉफीत मोजलं गेलं. ४ जून २०१० ला, ९९ व्या वर्षी वुडन गेले. पॉली पॅव्हिलियनच्या कोर्टला त्यांचं आणि पत्नी नेल यांचं नाव आहे. म्हणजे प्रत्येक नवा कोच अक्षरशः त्यांच्या नावावर उभा राहून काम करतो.

आणि बार्टोंचं काय झालं? बर्मिंगहॅममध्ये त्यांनी नवी टीम उभी केली. पहिली मॅच १९७८ ला. चौथ्याच सीझनला, १९८२ मध्ये, त्या नव्याकोऱ्या टीमनं गतविजेत्या इंडियानाला हरवलं. हो, तेच इंडियाना! मग राल्फ सॅम्पसनच्या व्हर्जिनियाला हरवलं आणि देशातल्या शेवटच्या आठांत पोहोचली. बार्टो तिथे १९९६ पर्यंत कोच होते. त्यांनी तिथे राष्ट्रीय विजेतेपद कधीच जिंकलं नाही. त्या विद्यापीठानं आपल्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं, बार्टो अरीना.

लॉस एंजेलिसला ८५ टक्के कमी पडले. बर्मिंगहॅमला तुलना करायला मागे कुणीच नव्हतं, तिथे तोच माणूस पुरून उरला.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या टीमचा, तुमच्या कॉलेजचा, नाहीतर तुमच्या ऑफिसमधला असा कुणी 'बार्टो' आठवत असेल तर मला नक्की लिहून कळवा, आणि जमलं तर त्या माणसालाही एक मेसेज टाका. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!